आठ नंबरचं मशीन

प्रसेनजीतच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आजही पुरतं मिटत नाही. गडहिंग्लजला एसटी स्टँडमागे त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. नवं गिऱ्हाईक बोटांकडे बघतं आणि विचारतं, फाउंड्रीत गेली काय? कागलच्या एमआयडीसीत त्यानं तीन वर्षं काढली आहेत, त्यामुळे तो नुसती मान हलवतो. बोटं गेली ती फुटबॉलमध्ये, आणि तोही मैदानावरचा फुटबॉल नव्हे. हे सगळं सांगत बसायचं म्हटलं तर गिऱ्हाइकाची गाडी चुकायची.

तो मूळचा मुरगूडचा. वडील भाऊसो बाजारात हमाली करत, आई मीनाबाई दुसऱ्याच्या रानात तण भांगलायला जाई. ९६ साली बारावी कॉमर्स करून पोरगा कोल्हापुरात कॉम्प्युटरच्या क्लासला आला, तिथंच पुढं शिकवू लागला. २००० साली त्याला कागलच्या एका फाउंड्रीत स्टोअरकीपरची नोकरी लागली. तिथले स्टोअर इनचार्ज गणपतराव हे जुन्या वळणाचे गृहस्थ. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला ओतकामाचे साचे ज्यांवरून पाडतात त्या लाकडी पॅटर्नच्या फळ्यांसमोर उभं केलं आणि बजावलं, की नवा पॅटर्न आला म्हणून जुना टाकायचा नाही. नव्यातून दहा कास्टिंग, म्हणजे ओतीव नग, बरोबर निघाली पाहिजेत. तोवर जुना फळीवरच राहील, आणि त्याला कुणी हात लावायचा नाही.

हे त्यानं मनात पक्कं बांधून घेतलं. २००३ साली नोकरी सोडून त्यानं गेम पार्लर काढलं, तेव्हा फाउंड्रीतून बरोबर आणली ती एवढीच शिस्त.

पार्लरमध्ये आठ मशीनं. जागा मिळाली ती दोन पेठांच्या मधल्या बोळात. बोळाच्या वरच्या अंगाला बुरूज तालीम, खालच्या अंगाला पाणवठा तालीम. कोल्हापुरात फुटबॉल तालमीचा असतो. तालमीचा संघ, संघाचा रंग, आणि त्या रंगासाठी डोकी फुटायची ती डिसेंबरपासून मेपर्यंत, हंगाम संपेस्तोवर. बुरूजचा रंग लाल-काळा, पाणवठ्याचा पिवळा. पाणवठ्याच्या घरात लग्नातसुद्धा लाल-काळा आहेर चालत नसे. बुरूजच्या एका पोरानं पैजेपायी पिवळा टीशर्ट घातला, तर त्याच्या सख्ख्या भावानं तो अंगावरच फाडला होता.

प्रसेनजीत दोन्हीकडचा नव्हता. मुरगूडचा, बौद्धवस्तीतला, बाहेरून आलेला. दुसरीकडे हे आडवं आलं असतं, इथं त्याच्या कामाला आलं. बुरूजची पोरं दारालगतच्या चार मशीनवर बसत, पाणवठ्याची आतल्या भिंतीकडच्या तीनवर, आणि ही जागा आळीपाळीनं बदले. आठवं मशीन लाकडी आडोशाच्या मागं होतं. त्यावर तो स्वतः काम करी, खेळायला कुणाला देत नसे. आत येणाऱ्यानं काठी, साखळी, हातातलं कडं काउंटरवर ठेवायचं आणि जाताना न्यायचं, हा नियम दोन्ही पेठांना मान्य होता. दुसरा नियम त्यानं स्वतःपुरता केला होता. गेममध्ये त्यानं कधी एक बाजू घ्यायची नाही. ना बुरूजची, ना पाणवठ्याची, दुकान रिकामं असतानासुद्धा नाही. कुणी दारातून डोकावलं आणि त्याच्या हाताखाली पिवळा किंवा लाल संघ दिसला, की संध्याकाळपर्यंत दोन्ही पेठांत बोभाटा झालाच म्हणून समजा.

आणि हे दोन संघ गेममध्ये घातले होते त्यानंच.

गेम परदेशी फुटबॉलचा. त्यात युरोपातले पन्नासेक क्लब होते. कंपनीच्या गेममध्ये आपण आपल्या हातानं असा बदल केला की त्याला मॉड म्हणतात. त्यानं यादीतले ४१ आणि ४२ नंबरचे, कुणी कधी न निवडलेले दोन क्लब निवडले आणि त्यांच्या जागी बुरूज आणि पाणवठा बसवले. खेळाडूंची नावं आणि गुण एका फायलीत, जर्सी दुसऱ्या फायलीत, चेहरे तिसऱ्या. कोण किती पळतो, कुणाची किक किती जोराची, हे त्यानं स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून दोन हंगाम वहीत टिपलं होतं. बुरूजच्या कप्तानाला वेगात ८४ आणि पाणवठ्याच्या विंगरला ८६ दिले, म्हणून बुरूजच्या पोरांनी प्रसेनजीतला काउंटरपलीकडून ओढून बाहेर नेलं होतं. त्यानं वही उघडून दाखवली. आकडा बदलला नाही. तेव्हापासून दोन्ही पेठा म्हणू लागल्या, की मुरगूडचा माणूस एकाची बाजू धरत नाही.

पाणवठ्याचा गोलकीपर संताजी स्वतःचा फोटो काढून घ्यायला आठ नंबरसमोर येऊन बसला होता. सहा फुटाला दोन इंच कमी, हात मात्र गुडघ्यापर्यंत.

"उंची जरा वाढवून घाल की मर्दा," तो म्हणाला. "गेममदी कोण टेप लावणार हाय?"

प्रसेनजीतनं खरोखरच टेप लावला आणि पाच फूट दहा लिहिली. संताजी हसत हसत शिव्या देऊन गेला. दुसऱ्या दिवशी खव्याचा गोड कुंदा घेऊन आला, चिमणाबाईनं, म्हणजे त्याच्या आईनं दिलेला.

२००५ च्या एप्रिलमध्ये बुरूज-पाणवठा सामना बरोबरीत सुटला आणि दंगा स्टेडियमच्या बाहेर आला. संताजी मोटरसायकलवर मागं बसला होता. बोळाच्या तोंडाशी कुणीतरी धावत येऊन त्याच्या कानामागं हॉकी स्टिक घातली. तो पडला आणि उठलाही. वीस पावलं चालत पार्लरच्या पायरीपर्यंत आला आणि तिथं बसला. प्रसेनजीतनं अंगातला शर्ट काढून त्याच्या डोक्याला दाबून धरला. शर्ट भिजला, मग हात भिजले, मग पायरी. संताजी एकसारखं विचारत होता, की आपल्यावर गोल झाला का. झाला नाही, असं प्रसेनजीत दर वेळी सांगत होता. रिक्षा येईपर्यंत तो विचारायचा थांबला होता.

बुरूजची दोन पोरं खुनाच्या गुन्ह्यात आत गेली. महिन्यानं पाणवठ्याचा बाळासो दुकानात आला. दूध घालायचा धंदा, पस्तिशीचा, संताजीचा चुलतभाऊ. त्यानं एवढंच सांगितलं, की मशीनमधून संताजीला काढायचं नाही. प्रसेनजीतनं हे बुरूजच्या यशराजच्या कानावर घातलं. यशराजचं गॅरेज होतं आणि बुरूजची पोरं त्याच्या शब्दाबाहेर नव्हती. तो बराच वेळ स्क्रूड्रायव्हर हातात फिरवत राहिला.

"असू दे," तो म्हणाला. "आमच्या पोरांनी काय केलं ते आमास्नी ठावं हाय. समोर तोच पायजे."

असा संताजी गेममध्ये राहिला. पिवळ्या जर्सीत, एक नंबरवर, पाच फूट दहा.

गेममध्ये एक खोट होती. उत्तरार्धात कॉर्नर किक घेताना कधी कधी मशीन गप्प व्हायचं. पडदा थिजायचा आणि सामना गेला तो गेला. जो पुढं असेल तो म्हणे आम्ही जिंकलो, मागं असेल तो म्हणे पहिल्यापासून खेळा. २००६ च्या जानेवारीत असंच मशीन बंद पडलं, तेव्हा बुरूजच्या एकानं कीबोर्ड उचलून शेजारच्याच्या तोंडावर मारला. खालच्या ओठातून दात आरपार गेला होता. फरशीवर कीबोर्डची बटणं आणि रक्त एकत्रच झाडून काढावं लागलं. त्या आठवड्यात यशराज आणि बाळासो वेगवेगळ्या वेळी येऊन एकच गोष्ट बोलून गेले. मार्चमध्ये पार्लरमध्ये दोन्ही पेठांची फायनल. मैदानावरचे सामने पोलिसांनी बंद ठेवले होते, त्यामुळे सगळ्या वर्षाची आग या एका सामन्यावर येऊन बसली होती. त्यात मशीन बंद पडलं तर दुकान राहणार नाही.

कंपनीनं ही खोट काढणारा पॅच सोडला होता. गेम विकल्यानंतर त्यातली चूक दुरुस्त करायला कंपनी स्वतः देते तो पॅच. पुण्याच्या एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर तो मिळाला. पॅच चढवणं दोन मिनिटांचं काम, पण तो आंधळा असतो. मूळ फायली बदलताना मधे आपल्या हातचं काय आहे ते बघत नाही. बुरूज, पाणवठा, संताजी, सगळं पुसून परत युरोप करून टाकेल.

म्हणून प्रसेनजीतनं चार दिवस घेतले. पहिल्या दिवशी आपण बदललेली प्रत्येक फाईल वहीतल्या यादीशी ताडून पाहिली आणि वेगळ्या सीडीवर उतरवली. दुसऱ्या दिवशी एक नंबरच्या मशीनवर मूळ, कोरा गेम घातला, त्यावर पॅच चढवला आणि काही न मिसळता दिवसभर परदेशी संघांचे सामने पोरांना खेळू दिले. कॉर्नरला मशीन एकदाही थांबलं नाही. तिसऱ्या दिवशी आपल्या फायली एकेक करून परत घातल्या, आणि प्रत्येक फायलीनंतर गेम सुरू करून संघांची यादी बघितली. बुरूज होता, पाणवठा होता. नावं बरोबर, आकडे बरोबर, संताजी एक नंबरवर. चौथ्या दिवशी दोन ते सात नंबर. आठ नंबरला हात लावला नाही. जुना पॅटर्न फळीवर राहिला.

राहून गेलं ते एकच. नव्या पॅटर्नमधून एकही कास्टिंग काढून पाहिलं नव्हतं. यादीत नुसती नावं दिसतात. जर्सी दिसते ती सामना लावल्यावर, आणि सामना लावायचा तर आधी मशीन विचारतं, तुमचा संघ कोणता? तिथं प्रसेनजीत तीन वर्षांत कधी गेला नव्हता. नव्या फायली आल्या की पहिला सामना पोरंच खेळत. या वेळी फायनलआधी पॅच चढवलेली मशीनं कुणाला सरावाला मिळू नयेत, म्हणून दोन्ही पेठांनी मिळून त्यांवर चादरी टाकायला लावल्या होत्या.

मार्चमधला रविवार, दुपारी तीनची वेळ. प्रत्येक पेठेचे दहा जण आत, बाकीचे बोळात. काउंटरवर साखळ्या, कडी, दोन हॉकी स्टिका, एक सायकलचा पंप. एक नंबरच्या मशीनवर यशराज आणि बाळासो शेजारी शेजारी जॉयस्टिक घेऊन बसले. चादर काढली. दोघांनी आपापला संघ निवडला.

पडद्यावर दोन्ही संघ मैदानात आले. कॅमेरा नेहमीप्रमाणे पहिल्यांदा गोलकीपरवर गेला. संताजीचा चेहरा पडदाभर झाला. अंगात लाल-काळी जर्सी.

मग कॅमेरा दुसऱ्या संघावर गेला, आणि बुरूजचा कप्तान पिवळ्या जर्सीत मान हलवताना दिसला.

बाळासो उठला तो जॉयस्टिकच्या वायरीनंच यशराजच्या तोंडावर वार करत. वायरीचं टोक गालात घुसलं. यशराजला दिसला होता तो फक्त पिवळा कप्तान, त्याच्या मते ही पाणवठ्याची थट्टा होती. त्यानं बाळासोच्या पोटात लाथ घातली आणि दोघं मशीनसकट खाली आले. काउंटरवरचं सामान कुणी कुणाचं उचललं हे पाहायला सवड नव्हती. साखळी फिरली आणि दोन नंबरचा मॉनिटर फुटला, बंदुकीचा बार निघावा तसा आवाज झाला. बोळातली पोरं आवाजानं आत घुसली. वर्षभर पिवळ्याचं आणि लालचं जेवढं साठलं होतं तेवढं सगळं बाहेर आलं. एकाला सीड्यांच्या काचेच्या कपाटातून आरपार ढकललं, तो पलीकडे उठला तेव्हा त्याच्या दंडातून काच लटकत होती. सायकलचा पंप एकाच्या गुडघ्यावर बसला आणि पाय मागच्या बाजूला वळला. कुणाच्या तरी कानाची पाळी फाटून मानेवर लोंबली होती. दोघं जण एका बेशुद्ध पोराच्या छातीवर पाय देऊन एकमेकांना मारत होते. पायांखाली सीड्या चुरल्या जात होत्या. त्यांतच प्रसेनजीतच्या फायलींची सीडी होती.

त्याला काउंटरमागून केसांना धरून बाहेर काढलं. बाळासोनं त्याचा डावा हात काउंटरच्या फळीवर पसरून धरायला लावला.

"मेलेल्याला त्यांचा कपडा घातलास," बाळासो म्हणाला. "कुणी सांगितलं तुला?"

प्रसेनजीत काही बोलायच्या आत स्टिक खाली आली. बोटांचा आवाज त्यानं आधी ऐकला, कळ नंतर आली. दुसरा घाव बसायच्या आत तो एवढंच म्हणाला, की आठ नंबर बघा.

"थांब," यशराज म्हणाला. त्याच्या गालातून रक्त गळ्यात उतरत होतं. त्यालाही पिवळ्या जर्सीचा जाब हवाच होता. "हात मोडलास तर मोडलास. तोंड ऱ्हाऊ दे. बोलू दे त्याला."

आडोशामागचं मशीन शाबूत होतं. प्रसेनजीतनं उजव्या हातानं ते चालू केलं आणि पोरांनी पूर्वी खेळलेला, या मशीनवर जपून ठेवलेला एक जुना सामना लावला. संताजी गोलसमोर उभा होता, पिवळ्या जर्सीत. बाळासो पडद्याजवळ गेला आणि बोट लावून बघितलं. काचेवर रक्ताचा ठसा उठला.

मग त्यानं विचारलं ते बरोबरच होतं. इथं नीट आहे, म्हणजे तिकडं तूच बदललंस.

प्रसेनजीतनं सांगितलं, की मी बदललं नाही, पॅचमुळं झालं, आणि ते तुमच्या डोळ्यांसमोर या मशीनवर करून दाखवतो. "पण आधी कॉपी काढणार," तो म्हणाला. "सीडी फुटली. संताजी आता एवढ्याच मशीनमदी हाय. कॉपीशिवाय मी ह्याला हात लावणार न्हाय."

कॉपीला किती वेळ? अकरा मिनिटं.

दोन्ही पेठांची उभी राहू शकणारी माणसं त्या अकरा मिनिटांत हातात हत्यारं घेऊन एका निळ्या पट्टीकडे बघत उभी होती. पट्टी मुंगीच्या पावलानं पुढं सरकत होती. कपाटाजवळ पडलेलं पोरगं कण्हत होतं. एकाला भडभडून ओकारी आली. कुणीतरी खाली ओढलेल्या शटरवर बाहेरून दगड पडत होते. पाचव्या मिनिटाला मागून कुणीतरी ओरडलं, की हा वेळ काढायलाय, पोलीस बोलावलेत यानं, आणि प्रसेनजीतच्या पाठीत साखळी बसली. तो टेबलावर कोसळला. उठला, पट्टी बघितली, ती चालूच होती. सातव्या मिनिटाला आणखी एक बसली. त्यानं मोडका हात मांड्यांत दाबून धरला होता. कळ सहन होईना तेव्हा तो मोठ्यानं उरलेली मिनिटं म्हणू लागला. चार. तीन. साखळीवाल्याला यशराजनं भिंतीवर आपटलं तेव्हा कुठं ती थांबली.

कॉपी पुरी झाली. त्यानं जुन्या आणि नव्या फायली मोजून दाखवल्या, दोन्हीकडं सारख्याच भरल्या. मग पॅच चढवला, त्याची सीडी ड्राइव्हमध्येच राहिली होती म्हणून फुटली नव्हती. यादी उघडली, सगळे युरोपातले. आपल्या फायली घातल्या. बुरूज आला, पाणवठा आला, संताजी एक नंबरवर.

"मी हितंपतोर बघितलं," तो म्हणाला.

"पुढं का बघितलं न्हाईस?" बाळासोनं विचारलं.

"पुढं बघायचं तर एक बाजू घ्याय लागती. मी कुणाची घेत न्हाय."

मग यशराज म्हणाला, "घे आता."

पडद्यावर चौकट लुकलुकत होती. तुमचा संघ कोणता? प्रसेनजीतला ठाऊक होतं, की ही चौकट एकट्यासाठी उघडली आहे आणि दोन्ही पेठा तिच्याकडे बघत आहेत. जॉयस्टिक यशराजच्या हातात देता आली असती. बाळासोच्याही देता आली असती. पण एकाच्या हातात दिली की दुसरा उठला असता आणि पुन्हा फरशीवर रक्त आलं असतं. त्याला पायरीवरचा संताजी आठवला. त्यानं पाणवठा निवडला.

संघ मैदानात आले. संताजी लाल-काळ्यात, बुरूजचा कप्तान पिवळ्यात. हुबेहूब.

मग त्यानं वही मागितली. ती काउंटरखाली पालथी पडली होती, निम्मी भिजलेली. मॉड करतानाचं पान काढून त्यानं दाखवलं. पहिल्यापासूनच कंपनीनं ४१ आणि ४२ च्या जर्सी अदलाबदल करून ठेवल्या होत्या. कोण जाणार होतं त्या दोन क्लबांकडे लक्ष द्यायला? मॉड करताना ते प्रसेनजीतच्या ध्यानात आलं, म्हणून त्यानं बुरूजची जर्सी मुद्दाम पाणवठ्याच्या जागी घातली आणि पाणवठ्याची बुरूजच्या. तिरपं तिरप्यावर पडून सरळ दिसत होतं. पॅचमध्ये कंपनीनं कॉर्नरची खोट काढताना ही जुनी चूकही गुपचूप दुरुस्त करून टाकली. प्रसेनजीतचं तिरपं तसंच राहिलं. त्यानं दोन फायलींची नावं एकमेकींना दिली आणि सामना परत लावला. संताजी पिवळ्यात आला. या कामाला अर्धं मिनिटही लागलं नाही.

बाळासोनं हातातली स्टिक खाली ठेवली. ती कुठं ठेवावी हे त्याला कळत नसावं, कारण ठेवून त्यानं परत उचलली आणि आडोशाला टेकवून उभी केली. मग तो प्रसेनजीतच्या हाताकडे बघत राहिला.

यशराजनं गालावरचा रुमाल काढून पिळला. "चूक तुझी न्हवती, हे मी चारचौघांत सांगीन," तो म्हणाला. "पर तू आमच्यासमोर बाजू घेतलीस मर्दा. उद्यापासनं आमची पोरं हितं येणार न्हाईत. आणि आमची येत न्हाईत म्हटल्यावर ही जागा कुणाची ठरती, ते तुला सांगाय नगो."

ते त्याला सांगायची गरज नव्हतीच. त्या रात्री त्याच्या हाताला सरकारी सीपीआर हॉस्पिटलात प्लास्टर घातलं. बाळासोच त्याला मोटरसायकलवरून घेऊन गेला होता. ज्याचा गुडघा वळला होता तो पोरगा पुढं कधी फुटबॉल खेळला नाही. दंडात काच घुसलेल्याचा हात कोपरापासून लुळा पडला. पोलिसांनी दुकानाला सील ठोकलं. सील निघालं त्याच आठवड्यात पिवळ्यांचं दुकान म्हणून कुणीतरी बोळाच्या वरच्या अंगानं रॉकेलची बाटली फेकली. शटर काळं झालं, आत सात मशीनांचे सांगाडे होतेच, आठवं त्यानं आधीच हलवलं होतं. बुरूजच्या एका पोराला पाणवठ्यानं त्याबद्दल शेताच्या पाणंदीत गाठून मारलं. मग बुरूजनं पाणवठ्याच्या एकाला. त्याचं पुढं काय झालं हे प्रसेनजीतला कळलं नाही, कारण तोवर आठ नंबरचं मशीन चादरीत बांधून, मांडीवर घेऊन तो गडहिंग्लजच्या एसटीत बसला होता.

निघायच्या आदल्या दिवशी तो चिमणाबाईकडे गेला होता. त्यांनी त्याच्या प्लास्टरवर हात ठेवला आणि विचारलं, की संताजी अजून खेळतोय का तिथं? तो हो म्हणाला.

गडहिंग्लजलाही फुटबॉलचं वेड आहे, पण बुरूज आणि पाणवठा इथं कुणाचे कुणी नाहीत. आडोशामागं ते जुनं मशीन अजून आहे. त्याला एकदा नवी हार्डडिस्क लागली, दोनदा पॉवर सप्लाय. काहीही बदललं की प्रसेनजीत आधी कॉपी काढतो, मोजतो, यादी बघतो, आणि मग दार लावून घेऊन दोन पूर्ण सामने खेळतो. एकदा पाणवठा घेऊन, एकदा बुरूज घेऊन. नव्वद मिनिटांचा सामना गेममध्ये वीस मिनिटांत संपतो.

किक मारायचं बटण कीबोर्डच्या डाव्या बाजूला आहे, जिथं ती दोन बोटं लागतात. त्यांनी ते वेळेवर दाबलं जात नाही. त्यामुळे बुरूज घेऊन खेळतो तेव्हा बॉल गोलपर्यंत जातो, पण किक उशिरा बसते आणि संताजी आपले लांब हात पसरून तो अलगद धरतो. त्याच्यावर अजून गोल झालेला नाही.